परदेशात, परक्या चाहत्यांबरोबर फुटबॉल बघताना: चिडवायचं कसं आणि थांबायचं कुठे

वेगवेगळ्या देशांची माणसं परदेशात एकत्र बसून फुटबॉल बघतात तेव्हा चिडवाचिडवी होणारच, आणि ती व्हावीच असं माझं ठाम मत आहे. घरापासून लांब राहणाऱ्या माणसाला एरवी त्याच्या देशाबद्दल कुणी धड विचारत नाही. विचारलंच तर व्हिसा, हवामान, नाहीतर बातम्यांत आलेलं काहीतरी वाईट. सामन्याच्या रात्री मात्र त्याचा देश पडद्यावर असतो, अंगात जर्सी असते आणि कुणीतरी आपल्याला अंगावर घ्यावं, आपण त्याला उत्तर द्यावं, अशी त्याची मनापासून इच्छा असते. अशा वेळी सगळ्यांनी सभ्यपणे गप्प बसणं म्हणजे त्या माणसाला पुन्हा एकटं पाडणं.

माझा देश विश्वचषकात कधी खेळलेला नाही. त्यामुळे माझ्याकडे सामने बघायला जमणाऱ्या मंडळींत मी कायम मधली. ब्राझील, अर्जेंटिना, घाना, उरुग्वे, जर्मनी, नेदरलंड्स, इंग्लंड, स्कॉटलंड अशा सगळीकडची माणसं येतात. कोण कशावर खळखळून हसलं आणि कशावर उठून गेलं, हे मी बघत आले आहे. पुढचं सगळं त्यातूनच.

आधी अभ्यास

ज्याला चिडवायचं त्याच्या संघाचा इतिहास त्याच्याइतकाच आपल्याला माहीत हवा. ‘तुमचा संघ भिकार आहे’ हे काही चिडवणं नव्हे, ती नुसती शिवी. समोरच्याला त्यात आपली ओळख कुठेच दिसत नाही. नेमकं वर्ष, नेमका स्कोअर, नेमका माणूस काढलात की तोच माणूस खुर्ची पुढे ओढून बसतो.

स्कॉटलंडचं घ्या. १९९८ पर्यंत आठ विश्वचषक खेळून हा संघ एकदाही पहिल्या फेरीच्या पुढे गेला नव्हता. हे प्रत्येक इंग्लिश माणूस प्रत्येक स्कॉटिश माणसाला ऐकवतो, म्हणून ते शिळं झालंय. त्याऐवजी विचारा: १९७४ च्या विश्वचषकात एकही सामना न हरलेला एकमेव संघ कोणता? विजेता पश्चिम जर्मनी तर गटात पूर्व जर्मनीकडून हरला होता. नेदरलंड्स अंतिम सामना हरले. न हरलेला संघ होता स्कॉटलंड. झैरेला हरवलं, ब्राझील आणि युगोस्लाव्हियाशी बरोबरी केली आणि गोलफरकावर (केलेल्या गोलांतून खाल्लेले वजा) घरी परत. हा प्रश्न मी आमच्यातल्या स्कॉटिश गड्याला विचारला तेव्हा त्याचा चेहरा आधी फुलला आणि मग लगेच पडला. चांगली टपली अशीच असते, तिच्यात अर्धं कौतुक असतं. त्यानेही मग १९६७ बाहेर काढलं. विश्वविजेत्या इंग्लंडला वेम्बलीवर ३–२ हरवलं, म्हणजे त्या दिवसापासून जगज्जेते आम्हीच! हा दावा स्कॉटिश लोक आजही करतात आणि समोरच्या इंग्लिश माणसाने त्यावर डोकं धरणं हा त्या खेळाचाच भाग आहे. शेवटी १८७२ साली जगातला पहिला आंतरराष्ट्रीय सामना याच दोघांत झाला, ग्लासगोत, एका क्रिकेट क्लबच्या मैदानावर, आणि सुटला ०–०. इतक्या जुन्या भांडणात नवख्याने उडी मारताना तयारी हवी.

कधी कधी नुसता स्कोअर पुरतो. अमेरिकेने मेक्सिकोला कोलंबस शहरातल्या विश्वचषक पात्रता सामन्यांत २००१, २००५, २००९ आणि २०१३ असं चार वेळा हरवलं आणि चारही वेळा २–०. मध्ये २००२ च्या विश्वचषकातही २–०. त्यामुळे अमेरिकन माणसाने मेक्सिकन मित्राला दारात नुसती दोन बोटं दाखवली तरी संभाषण सुरू होतं. मेक्सिकन माणसाकडेही उत्तर तयार असतं: २०१६, तेच कोलंबस, ८९व्या मिनिटाला मार्केझचा गोल, मेक्सिको २–१. प्रत्येक टोमण्याला असं उत्तर आहे की नाही हे आधी बघा. ज्याला उत्तरच नाही असा टोमणा मारून मिळणारी मजा फार थोडा वेळ टिकते, कारण समोरचा गप्प बसतो आणि खेळ तिथेच संपतो.

कुठली जखम सुकलीय, कुठली नाही

सगळे पराभव सारखे नसतात. ब्राझीलवाल्यांशी बोलताना हे फार सांभाळावं लागतं. ८ जुलै २०१४, त्यांच्याच बेलो होरिझोंते शहरातला विश्वचषक सामना, जर्मनी ७, ब्राझील १. पहिल्या २९ मिनिटांत पाच गोल. बाहेरच्या माणसाला वाटतं की हा विषय काढूच नये. प्रत्यक्षात ब्राझीलच्या लोकांनी तो स्वतःच चावून चोथा केलाय. रोजच्या आयुष्यात काही फसलं की तेच ‘आज पुन्हा ७–१’ म्हणतात. यावर चिडवलं तर बहुतेकदा तुमच्यापेक्षा जोरदार विनोद तेच करतील.

१९५० चं मात्र तसं नाही. विश्वचषकाचा निर्णायक सामना, १६ जुलैला रिओच्या माराकाना मैदानावर. ब्राझीलला चषकासाठी बरोबरीही पुरली असती, पण उरुग्वेने २–१ हरवलं. दोष आला गोलकीपर बार्बोसावर. या देशात मोठ्यात मोठी शिक्षा तीस वर्षांची असते, मी मात्र पन्नास वर्षं भोगतोय, असं तो म्हातारपणी म्हणायचा. २००० साली तो गेला तोवर ते ओझं उतरलं नव्हतं. ज्यांच्या घरात आजोबा-आजींनी तो दिवस पाहिला होता, त्यांच्यासमोर उरुग्वेच्या माणसाने हसत हसत ‘५०’ म्हणणं आणि कुणी तिसऱ्याने म्हणणं यात फरक आहे. उरुग्वेवाल्याला तो हक्क आहे, कारण तो विजय त्यांचा आहे. तिऱ्हाइताला नाही.

हा नियम सगळीकडे लागू करा. टोमणा मारायचा पहिला हक्क त्या सामन्यात खेळलेल्या देशाच्या माणसाचा. आपण मधल्या लोकांनी हवं तर आठवण करून द्यावी, वर्ष चुकलं तर दुरुस्त करावं, पण मीठ चोळू नये.

ब्राझील आणि अर्जेंटिना एकत्र आले की मी मधे पडतच नाही. अर्जेंटिनावाला २०२१ ची कोपा अमेरिका, म्हणजे दक्षिण अमेरिकी देशांची स्पर्धा, काढतो: माराकानावरच, दि मारियाचा एकुलता गोल, १–० आणि चषक. ब्राझीलवाला शांतपणे एका हाताची पाच बोटं पसरतो, मग दुसऱ्या हाताची तीन दाखवतो. पाच विश्वचषक आमचे, तीन तुमचे. यात भाषाही लागत नाही.

मैदानातलं मैदानात

माझा सर्वांत कडक नियम हाच. ९० मिनिटांत, जास्तीच्या वेळेत आणि पेनल्टीत जे घडलं त्यावर वाट्टेल ते बोला. त्याबाहेरचं नाही.

२२ जून १९८६ चा विश्वचषकातला इंग्लंड–अर्जेंटिना सामना घ्या. ५१व्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या मॅराडोनाने हाताने गोल केला. इंग्लिश माणसाने त्याला रडीचा डाव म्हणावं, तो त्याचा जन्मसिद्ध हक्क आहे. अर्जेंटिनाच्या माणसाने विचारावं, ‘बरं, आणि चार मिनिटांनी काय झालं?’ चार मिनिटांनी त्याच मॅराडोनाने आपल्या अर्ध्यातून चेंडू घेऊन अख्खा बचाव आणि गोलकीपर शिल्टनला चकवून दुसरा गोल केला होता. माझ्याकडे हा संवाद एकदा इतका रंगला की मध्यंतर संपून सामना सुरू झाला तरी कुणाचं लक्ष नव्हतं. इंग्लिश माणूस म्हणाला, ‘पंचाला दिसलं नाही म्हणून गोल होत नसतो.’ त्यावर कोपऱ्यात बसलेला जर्मन पहिल्यांदा बोलला, ‘१९६६ ला तुम्ही असं म्हणाला नव्हता.’ १९६६ च्या विश्वचषकाच्या इंग्लंड–पश्चिम जर्मनी अंतिम सामन्यात इंग्लंडच्या हर्स्टचा फटका आडव्या खांबाला लागून खाली आपटला, रेषा ओलांडली की नाही यावर आजही वाद आहे, आणि लाइन्समन बाखरामोव्हने गोल दिला. इंग्लिश माणूस लगेच म्हणाला, ‘त्याचं तुम्ही २०१० ला वसूल केलं ना! लॅम्पार्डचा चेंडू हातभर आत होता.’ २०१० च्या विश्वचषकातला तो सामना ब्लूमफाँटेनला जर्मनी ४–१ जिंकला, पण तो न दिलेला गोल सगळ्यांच्या लक्षात राहिला आणि २०१४ च्या विश्वचषकापासून गोलरेषेचं तंत्रज्ञान आलं. तीन देश, तीन अन्याय, आणि तिघेही हसत होते, कारण तिघांनाही तिन्ही सामने तोंडपाठ होते.

पण त्याच १९८६ च्या मागे १९८२ चं फॉकलंडचं युद्ध आहे. त्यात अर्जेंटिनाचे ६४९ आणि ब्रिटनचे २५५ सैनिक गेले. अर्जेंटिनाच्या बाजूने लढलेल्यांत कितीतरी सक्तीने भरती केलेली कोवळी पोरं होती. गोलाबद्दल बोलताना कुणी युद्धाकडे वळलं तर त्याच क्षणी विषय तोडा. इंग्लंड–जर्मनी सामन्याला युद्धावरची जुनी गाणी काही लोक अजून म्हणतात. माझ्या घरात ती चालत नाहीत आणि हे मी सामन्याआधी स्पष्ट सांगते.

चेष्टेत कधीच आणू नयेत अशा आणखी काही गोष्टी आहेत. कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारचा १९९४ चा स्वयंगोल. अमेरिकेविरुद्ध चुकून स्वतःच्या जाळ्यात चेंडू गेला आणि मायदेशी परतल्यावर २ जुलैला मेडेयिनमध्ये त्याला गोळ्या घातल्या. कोलंबियाच्या माणसासमोर स्वयंगोलावर विनोद करताना हे माहीत नसणं ही सबब होऊ शकत नाही. दुसरं, वर्ण. २०२१ च्या युरो (युरोपीय देशांची स्पर्धा) अंतिम सामन्यात इंग्लंडच्या रॅशफर्ड, सांचो आणि साका या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या पेनल्टी चुकल्या आणि त्या रात्रीपासून त्यांच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा मारा झाला. २०२४ मध्ये कोपा अमेरिका जिंकल्यावर अर्जेंटिनाच्या काही खेळाडूंनी बसमध्ये फ्रान्सच्या खेळाडूंच्या आफ्रिकी मुळांवरून गाणं म्हटलं. ‘सगळे म्हणतात, गाणंच आहे’ हे त्यावरचं उत्तर नाही. कुणाचा रंग, धर्म, पासपोर्ट, देशाची गरिबी, मायदेशातलं सरकार यांतलं काहीही गोलपोस्टच्या मधे घडलेलं नसतं.

दोन देशांची माणसं

परदेशात राहणाऱ्यांच्या गटात दोन देश मनात बाळगणारी माणसं हमखास असतात. आईवडील एका देशातले, जन्म दुसऱ्या देशात, शाळा तिसरीकडे. त्यांना ‘पण तू खरा कुठला?’ हे विचारू नका. थट्टेत तर मुळीच नाही.

मैदानावरच बघा. २०१० च्या विश्वचषकात जेरोम बोआटेंग जर्मनीकडून आणि त्याचा सावत्र भाऊ केव्हिन-प्रिन्स घानाकडून एकमेकांविरुद्ध खेळले, २०१४ ला पुन्हा. २०१६ च्या युरोत ग्रानित झाका स्वित्झर्लंडकडून, थोरला भाऊ ताउलांत अल्बेनियाकडून, आणि त्यांची आई प्रेक्षकांत अर्धा स्विस, अर्धा अल्बेनियन असा टी-शर्ट घालून बसली होती. २०२२ मध्ये ब्रील एम्बोलोने स्वित्झर्लंडसाठी कॅमेरूनविरुद्ध गोल केला आणि जन्मभूमीविरुद्धचा म्हणून आनंद न दाखवता नुसते हात वर केले. मेसुत ओझिलने २०१८ साली जर्मनीचा संघ सोडताना लिहिलं होतं की जिंकलो की मी जर्मन आणि हरलो की स्थलांतरित. हे वाक्य तुमच्या बैठकीत कुणाच्याही वाट्याला येऊ नये. ज्याने ज्या सामन्याला ज्या बाजूला बसायचं ठरवलं, त्याला त्या सामन्यापुरतं त्या बाजूचं समजून मनसोक्त चिडवा. पुढच्या सामन्याला त्याने बाजू बदलली तर तोही त्याचाच निर्णय.

ज्यांचा देश स्पर्धेत नाही, त्यांनी मात्र पहिली किक बसायच्या आत आपला संघ जाहीर करावा. मध्यंतराला ०–२ पाहून बाजू बदलणाऱ्याला माझ्याकडे उरलेल्या रात्री मत नसतं.

खोलीतली व्यवस्था

दोन वैऱ्यांना समोरासमोर बसवू नका, शेजारी बसवा. समोरासमोर बसले की आवाज चढतो. शेजारी बसले की दोघे एकाच पडद्याकडे बघतात आणि कोपराने ढोसण्यावर काम भागतं. राष्ट्रगीतं चालू असताना कुणीही बोलायचं नाही, दोन्हींच्या वेळी. मायदेशापासून लांब असताना ते गीत ऐकून माणसाचं काय होतं हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

फोन उलटे ठेवा. ही बारीकशी गोष्ट मी आग्रहाने पाळायला लावते. इंटरनेटवरचं प्रक्षेपण मैदानापेक्षा चांगलंच मागे असतं, कधी अर्ध्या मिनिटाहून जास्त. मायदेशात टीव्हीवर बघणाऱ्या भावाचा मेसेज आधी येतो, आणि पेनल्टी घ्यायला खेळाडू अजून चेंडू ठेवतोय तोच कोपऱ्यातून कुणीतरी ‘येस्स!’ म्हणतो. त्या एका आवाजाने दोन्ही बाजूंची रात्र वाया जाते.

पैज लावायची तर पैशांची नको. हरलेल्याने विरुद्ध संघाची जर्सी घालून फोटो काढणं हे जुनं आणि चांगलं आहे. त्याहून मला आवडते ती आमच्याकडची रीत: हरलेल्याने उभं राहून विरुद्ध संघातल्या एका खेळाडूचं मिनिटभर खरंखुरं कौतुक करायचं. डच मैत्रिणीने जर्मनीच्या गोलकीपरबद्दल दात-ओठ खात बोलायला सुरुवात केली आणि शेवटी खरोखर त्याच्या पायांच्या हालचाली समजावून सांगत बसली.

जर्मन–डच जोडी असेल तर साहित्य भरपूर आहे. १९७४ चा विश्वचषक अंतिम सामना: एकाही जर्मनाचा पाय चेंडूला लागायच्या आत डचांना पेनल्टी मिळून १–०, तरी शेवटी जर्मनी २–१. १९८८ च्या युरोत हॅम्बुर्गमध्ये डच व्हान बास्टनने ८८व्या मिनिटाला गोल करून त्याची भरपाई केली. जर्मनांनी डच हरलेल्या तीन अंतिम सामन्यांची यादी वाचावी, १९७४, १९७८, २०१०. डचांनी हॅम्बुर्गवर अडून बसावं. १९९० च्या विश्वचषकात मिलानमध्ये डच रायकार्ड जर्मन फोलरवर थुंकला आणि दोघेही लाल कार्ड मिळून बाहेर गेले, हेही निघणारच. तेव्हा हेही सांगा की पुढे त्याच दोघांनी मिळून लोण्याची जाहिरात केली.

शेवटच्या शिट्टीनंतर

पेनल्टी शूटआउट सुरू झालं की तोंडं बंद. तेव्हा मारलेला टोमणा कुणालाही पेलत नाही.

आणि निकाल लागल्यावर आधी हरलेल्याने बोलायचं. तो बोलेपर्यंत जिंकलेल्याने नाचावं, मिठ्या माराव्यात, पण त्याला उद्देशून काही म्हणू नये. कुणी दोन मिनिटांत स्वतःच विनोद करतो, कुणी चपला घालून निघून जातो. निघून गेला तर त्या रात्री त्याला मेसेज नाही. लिहिलेल्या टोमण्यात आवाज आणि हसू नसतं, तो नेहमी मूळच्यापेक्षा कडवट वाचला जातो. म्हणून गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मी सामन्यानंतर सकाळपर्यंत नुसते गोलांचे व्हिडिओ चालू देते, शेरे नाहीत.

किती थांबायचं हे पराभवावर ठरतं. घानाच्या माझ्या मित्राला २ जुलै २०१० चा विश्वचषकातला घाना–उरुग्वे सामना अजून जिव्हारी लागलेला आहे. जास्तीच्या वेळेच्या अगदी शेवटी गोलात जाणारा चेंडू उरुग्वेच्या सुआरेझने हाताने अडवला, त्याला लाल कार्ड मिळालं, घानाच्या ग्यानची पेनल्टी आडव्या खांबाला लागली आणि उरुग्वे शूटआउटमध्ये जिंकला. आफ्रिकेचा पहिला उपांत्य फेरीतला संघ होता होता राहिला; तो मान पुढे २०२२ ला मोरोक्कोने मिळवला. उरुग्वेच्या माणसाचं म्हणणं नियमाला धरून आहे: गुन्हा झाला, शिक्षा झाली, पेनल्टी तुम्हीच घालवली. पण हे वाक्य त्याने माझ्या मित्राला बरीच वर्षं ऐकवलं नाही. मग २०२२ च्या विश्वचषकातला २ डिसेंबर आला. घाना उरुग्वेकडून ०–२ हरून बाहेर पडला, पण त्याच गटातल्या दुसऱ्या सामन्यात दक्षिण कोरियाने पोर्तुगालला हरवल्यामुळे उरुग्वेही एका गोलाने बाहेर गेला आणि बाकावर बसलेला सुआरेझ रडताना दिसला. माझा मित्र स्वतःचा संघ हरलेला असून खुर्चीवर चढून टाळ्या वाजवत होता. उरुग्वेवाला त्याच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘झालं समाधान?’ ‘अर्धं,’ हा म्हणाला. त्यानंतर दोघे २०१० वर पहिल्यांदा मोकळेपणाने भांडले, नियमांची कलमं काढून, पहाटेपर्यंत.

राहिलं आमंत्रण. हरून निघून गेलेल्याला पुढच्या सामन्याची वेळ दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत कळवायची, आणि ती मी कळवत नाही. ज्याच्या संघाने त्याला हरवलं, त्यानेच कळवायची.